मराठी वेबपान बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, ग्रंथालयं, छोटे प्रकाशक, दिवाळी अंक, पतसंस्था, परदेशातली महाराष्ट्र मंडळं... मराठी मजकुराची साइट उभी करणाऱ्या कुणाशीही बोला, अडचणींची यादी थोड्याफार फरकाने तीच निघते. मूळही बहुतेक वेळा एकच असतं. पानाची आखणी इंग्रजी मजकूर धरून होते आणि मराठी मजकूर शेवटच्या आठवड्यात त्यात भरला जातो. मग वेलांट्या कापल्या जातात, शोध चालत नाही, नावं अर्जात बसत नाहीत. पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर समोर ठेवला, तर यातले निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी हे पान. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल.

पान बनवायला घेतलं, तर अगदी सुरुवातीला काय लिहायचं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही एचटीएमएलच्या, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या कोडच्या, अगदी सुरुवातीलाच.

पहिली, मेटा टॅगमध्ये कॅरसेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८. हा टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असायला हवा, म्हणून तो हेड या सुरुवातीच्या भागात सगळ्यात वर ठेवा. एडिटरमध्ये फाइल साठवतानाही यूटीएफ-८ च निवडा. टॅग एक सांगतो आणि फाइल दुसऱ्याच रूपात साठवलेली आहे, असं झालं की अक्षरांचा चुराडा होतो.

दुसरी, एचटीएमएल टॅगवर लँग अ‍ॅट्रिब्युट आणि त्याची किंमत 'एमआर', म्हणजे मराठी. कुठलंही थीम किंवा टेम्प्लेट उतरवून घेतलं की तिथे 'ईएन' लिहिलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. मराठी साइटवर सर्वाधिक आढळणारी चूक कोणती, असं विचारलं तर मी हीच सांगेन. या दोन अक्षरांवरून स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं ते ठरवतो, फॉन्ट अक्षरांचं वळण ठरवतो आणि ब्राउझर शब्द कुठे तोडायचा ते ठरवतो. मधेच इंग्रजी उतारा किंवा संस्कृत श्लोक असेल तर त्या परिच्छेदाला वेगळं लँग द्या: 'ईएन', 'एसए'. कोकणीसाठी 'केओके'.

तिसरी, व्ह्यूपोर्टचा (पान दिसण्याच्या चौकटीचा) मेटा टॅग: रुंदी उपकरणाइतकी, सुरुवातीचा झूम १. त्यात 'युजर-स्केलेबल नो' कधीही लिहू नका. चष्मा विसरलेल्या आजोबांना बोटांनी अक्षर मोठं करता आलं पाहिजे.

आमच्या पानावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळणाचे कसे आणायचे?

मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श रूढ आहेत. युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात) मात्र दोन्ही वळणांना सांकेतांक, म्हणजे क्रमांक, एकच असतो, त्यामुळे वेगळं अक्षर टाइप करून हे सुटत नाही. काम फॉन्टला करावं लागतं. ओपनटाइप फॉन्टमध्ये भाषेनुसार अक्षररूप बदलण्याची सोय असते आणि ती लँग 'एमआर' पाहून जागी होते. नोटो सान्स देवनागरी या मोफत फॉन्टमध्ये ती आहे. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं निराळी आहेत.

म्हणजे आधी लँग तपासा, मग फॉन्ट. लँग बरोबर असूनही वळण बदलत नसेल, तर त्या फॉन्टमध्ये मराठी रूपं नाहीत असं समजून फॉन्ट बदला.

मग फॉन्ट कोणता घ्यावा?

लांब वाचनासाठी मी टिरो देवनागरी मराठी सुचवेन. त्याचं एकच वजन (अक्षराची जाडी) आहे, सोबत तिरपं रूप मिळतं. त्यामुळे शीर्षकांना दुसरा फॉन्ट लागतो. बातम्या, अर्ज, तक्ते असलेल्या कामाच्या पानांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट चांगला. त्यात सात वजनं आहेत. उत्सवाची पत्रिका, लहान मुलांचं पान असं काही असेल तर त्यांचाच बलू घ्या, पण शीर्षकापुरता.

काहीच न देता उपकरणावरच्या फॉन्टवर सोडलं तरी चालतं, आणि पान हलकं राहतं. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत मंगल होता, तो मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो असतो, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी. एकच पान तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसेल एवढं धरून चाला, आणि ओळींच्या उंचीत थोडी सैल जागा ठेवा.

वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. काय करू?

सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतली) लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, वाढवा. इंग्रजीसाठी १.२ ते १.४ ठेवलेली असते, तीच मराठीला मिळते आणि ओळी एकमेकींत घुसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार असे तीन मजले होऊ शकतात, खाली उकार आणि ऋकार येतात. 'मूर्तींमध्ये' हा एकच शब्द लिहून पाहा. मजकुराला १.६ ते १.८ आणि शीर्षकाला १.३ ते १.४ ही माझी नेहमीची सुरुवात असते. पुढे फॉन्टप्रमाणे डोळ्यांनी ठरवायचं.

एकक लावू नका, नुसता आकडा लिहा. पिक्सेलमध्ये दिलेली उंची अक्षर मोठं केलं की पुरत नाही. बटणं, मेनू आणि कार्डांना ठरावीक उंची व 'ओव्हरफ्लो हिडन' दिलेलं असतं, तिथेही हीच कापाकापी होते. उंची काढून टाका, वरखाली पॅडिंग द्या.

दुव्यांच्या अधोरेखेचंही असंच आहे. ती उकारांना छेदून जाते. 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' वापरून रेषा थोडी खाली न्या.

शीर्षकात अक्षरांमध्ये अंतर दिलं की शिरोरेषा तुटते. उपाय?

अंतर देऊ नका. 'लेटर-स्पेसिंग' देवनागरीला शून्यच हवं. इंग्रजी थीममध्ये ते बटणांना आणि छोट्या मथळ्यांना हमखास लावलेलं असतं, शोधून काढा. शीर्षक मोकळं दिसायला हवं असेल तर 'वर्ड-स्पेसिंग' किंचित वाढवा.

तिरप्या अक्षरांबद्दलही इथेच सांगतो. फॉन्टमध्ये तिरपं रूप नसेल तर ब्राउझर सरळ अक्षर यांत्रिकपणे कलतं करतो आणि ते ओबडधोबड दिसतं. 'फॉन्ट-सिंथेसिस नन' लिहून हा प्रकार बंद करा. जोर द्यायचा तर ठळक अक्षर किंवा रंग वापरा, आणि ठळकसाठी खरं ठळक वजन चढवा, नाहीतर बारीक जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात.

मराठी आणि इंग्रजी शब्द एका ओळीत आले की इंग्रजी मोठं दिसतं. का?

बहुतेक फॉन्टमध्ये वरच्या मात्रांसाठी जागा राखावी लागते, म्हणून देवनागरी अक्षराचं अंग त्याच मापात लहान असतं. दोन्ही लिप्या एकाच फॉन्टमधल्या घेतल्या तर रचनाकाराने मेळ घातलेला असतो, तो सोपा मार्ग. वेगवेगळे फॉन्ट घेणार असाल तर फॉन्ट-फेसच्या नियमात 'साइझ-ॲडजस्ट' लावून रोमन थोडं लहान करा आणि 'युनिकोड-रेंज'ने लिप्या वाटून द्या. देवनागरीचा मुख्य पट्टा ०९०० ते ०९७एफ. त्याच्या जोडीला २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य जोडचिन्हं, तसंच २०बी९ हे रुपयाचं चिन्ह देवनागरीच्या फॉन्टकडेच द्या. जोडचिन्ह दुसऱ्या फॉन्टकडे गेलं की जोडाक्षर मधूनच तुटण्याची शक्यता असते.

फॉन्टमुळे पान उशिरा उघडतं. हलकं कसं करायचं?

देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची शेकडो रूपं असतात, त्यामुळे फाइल रोमनपेक्षा मोठी होणारच. दोनच वजनं ठेवा, साधं आणि ठळक. फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या दाबलेल्या स्वरूपात द्या. 'फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप' लिहा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत वाचकाला उपकरणावरच्या अक्षरांत मजकूर दिसत राहतो. मुख्य फॉन्ट प्रीलोड करा (आधीच मागवून ठेवा), पण एकच.

फॉन्ट छाटताना मात्र जपून. नको असलेल्या लिप्या काढून टाकणं ठीक. देवनागरीतली 'न लागणारी' अक्षररूपं हाताने काढायला जाऊ नका, आणि छाटणीच्या साधनाला ओपनटाइपची सगळी वैशिष्ट्यं राखायला सांगा. ती गेली की 'क्ष'च्या जागी पाय मोडलेला क आणि वेगळा ष दिसेल. कुणाच्या तरी आडनावात असं जोडाक्षर असतं आणि त्या माणसाला ते लगेच खुपतं.

'आचाऱ्यांना' लिहिलं तर 'आचार्यांना' दिसतं. हा फॉन्टचा दोष आहे का?

क्वचित फॉन्टचा असतो. बहुतेकदा तो साठवणीचा असतो, आणि यात अर्थच बदलतो म्हणून नीट समजून घ्या. आचारी स्वयंपाक करतात, आचार्य शिकवतात. दर्या समुद्राला म्हणतात, दऱ्या डोंगरात असतात.

'ऱ्या'तला आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ (सांकेतांक ०९३१), हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि पुढचं अक्षर. दोन, साधा र, हलन्त, मग २००डी हे अदृश्य जोडचिन्ह आणि पुढचं अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आता कुणी तरी मजकुरातली 'फालतू अदृश्य चिन्हं' साफ करणारा कोड लिहितो. दुसऱ्या तऱ्हेतलं जोडचिन्ह उडतं, उरतो र आणि हलन्त, त्याचा रफार होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात.

म्हणून क्रम पाळा. मजकूर साठवण्याआधी 'र, हलन्त, २००डी' ही जोडी जिथे दिसेल तिथे 'ऱ, हलन्त' अशी बदला. त्यानंतरच बाकीच्या चिन्हांना हात लावा. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका रूपात आणणारी प्रक्रिया) चालवा, पण ते या दोन तऱ्हा एक करत नाही हे लक्षात ठेवा.

'ॲ'चं दुखणंही याच जातीचं. त्याला ०९७२ हा स्वतंत्र सांकेतांक २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीचा बराच मजकूर अ आणि त्यावर चंद्र अशा जोडीने लिहिलेला आहे, आणि काही कीबोर्ड मधे एक अदृश्य जोडचिन्हही घालतात. दिसायला सगळे 'ॲप' सारखे, संगणकाला मात्र तीन वेगळे शब्द. एनएफसी इथेही मदत करत नाही. बदलाचा नियम स्वतः लिहा, दोन ओळींचं काम आहे.

साइटवर शोध घेतला की काहीच सापडत नाही, समोर लेख असूनही. का?

वरच्या उत्तरातलं कारण, एकच शब्द वेगवेगळ्या सांकेतांकांत साठणं, आहेच. त्याशिवाय तीन.

ऱ्हस्व-दीर्घ: शोधणारा घाईत 'माहीती' लिहितो, लेखात 'माहिती' आहे. यासाठी मूळ मजकुराला धक्का न लावता शेजारी एक शोधरूप साठवा. त्यात दोन्ही वेलांट्यांची एक करा, दोन्ही उकारांचा एक, चंद्रबिंदूचा अनुस्वार, आणि 'अङ्क'सारखी रूपं 'अंक'कडे वळवा. शोधणाऱ्याने लिहिलेल्या शब्दालाही तेच नियम लावा आणि मग तुलना करा. छापताना नेहमी मूळ मजकूरच.

विभक्ती: मराठीत शब्दाचं सामान्यरूप होतं. पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुणेकर. 'पुणे' हा संपूर्ण शब्द शोधला तर 'पुण्यात' सापडत नाही. मोठ्या साइटसाठी भाषेचं विश्लेषण करणारं साधन लागतं. छोट्या साइटला मात्र एक साधी युक्ती पुष्कळ पुरते: शोधशब्दाच्या शेवटची मात्रा काढून टाका आणि उरलेल्या भागाने सुरू होणारे शब्द शोधा. 'पुण' वरून चारही सापडतात. थोडे अवांतर निकाल येतील, 'पुणतांबे' येईल. काहीच न सापडण्यापेक्षा ते बरं. जुळणारा मूळ शब्द असलेले निकाल वर ठेवा.

रोमन लिपी: कित्येक वाचक रोमन अक्षरांतच टाइप करतात, परदेशात वाढलेली मुलं तर नक्कीच. प्रत्येक लेखासोबत त्याच्या विषयाचे पाच-सहा शब्द रोमन लिपीतही साठवून शोधात घ्या.

नावांची यादी अकारविल्हे लागत नाही. संगणकाला मराठी क्रम कळत नाही का?

सांगितला तर कळतो. जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट सांकेतांकांच्या क्रमाने लावतं. त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, म्हणून 'काळे' हे 'कासार'च्या आधी लागतात. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर आहे, त्यापुढे क्ष आणि ज्ञ. जावास्क्रिप्टमधल्याच इंटल कोलेटर या क्रम लावणाऱ्या साधनाला 'एमआर' भाषा देऊन तुलना करा. कासार, मग काळे असा क्रम येतो आणि क्षीरसागर यादीच्या शेवटाकडे जातात. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर त्यातच मराठीचं आयसीयू कोलेशन (क्रमाचे नियम) आहे. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी खास कोलेशन नाही, तिथे यादी लहान असेल तर ब्राउझरमध्ये लावून घ्या.

डेटाबेसमध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हं साठतात.

टेबल, रकाना आणि जोडणी या तिन्हींपैकी कुठेतरी लॅटिन-१ ही फक्त युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत राहिली आहे. मायएसक्यूएलमध्ये तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. जुनं तीन बाइटांचं यूटीएफ-८ मराठीला पुरतं, पण कुणी प्रतिक्रियेत इमोजी टाकला की तिथे अडतं. एकदा साठलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, तेव्हा हे पहिल्याच दिवशी तपासा.

लांबीकडेही लक्ष द्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ओरॅकलमध्ये लांबी मुळात बाइटांत धरली जाते. ५० चा रकाना ठेवला तर त्यात देवनागरीची १६ च चिन्हं मावतात, म्हणजे धड एक पूर्ण नावही नाही.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरं बिघडत असतील तर फाइल बहुधा ठीकच आहे. सुरुवातीला बीओएम हे, फाइल यूटीएफ-८ आहे असं सांगणारं, अदृश्य चिन्ह घालून पुन्हा निर्यात करा.

'१०० अक्षरांत लिहा' असं सांगितलं, पण मोजणी चुकते.

कारण संगणक चिन्हं मोजतो आणि वाचक अक्षरं मोजतो. 'क्षितिज' वाचकाला तीन अक्षरी, जावास्क्रिप्टला सात. इंटल सेगमेंटर वापरून अक्षरसमूह मोजा. २०२४ पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला आहे; त्याआधीच्या ब्राउझरमध्ये 'क्ष'चे दोन तुकडे मोजले जातील.

उतारा छोटा करून दाखवताना कोडने मधेच कापू नका. शेवटी पाय मोडलेलं अक्षर लोंबकळतं किंवा पुढच्या तुकड्यात ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली एकटी वेलांटी येते. कापायचं काम सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पवर सोपवा. एकेक अक्षर उमटत जाणारी ॲनिमेशन असतात, तिथेही हाच प्रकार होतो. मराठीत शब्दाशब्दाने उमटवा, दिसायलाही छान दिसतं.

अर्जात लोक मराठीत नाव लिहितात आणि 'अवैध नाव' असा संदेश येतो.

तपासणीचा नियम रोमन अक्षरांपुरता लिहिलेला आहे. तो बदलताना अर्ध्यावर थांबू नका. रेजेक्समध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमात) युनिकोडचा 'एल' वर्ग फक्त मूळाक्षरं घेतो. काना, मात्रा, वेलांट्या 'एम' वर्गात येतात. दोन्ही घ्या, सोबत २००डी हे अदृश्य जोडचिन्हही चालू द्या. खरं तर नावाला नियम लावावाच कशाला? रिकामं नाही ना आणि अवाजवी लांब नाही ना, एवढं पाहा.

आपलं नाव संगणक नाकारतो हा अनुभव माणसाला त्या पानापासून कायमचा दूर नेतो. खेड्यातून पहिल्यांदाच अर्ज भरणाऱ्या बाईंना 'अवैध' हा शब्द स्वतःलाच उद्देशून वाटू शकतो. संदेशही म्हणून माणसासारखा लिहा: 'पिनकोड सहा अंकी असतो, कृपया पुन्हा पाहा.' ज्या रकान्यात चूक आहे त्याच्याच खाली लिहा, आणि भरलेली बाकीची माहिती पुसू नका.

लोक देवनागरी आकडे टाइप करतात, ते चालत नाहीत.

चालवून घ्या. मराठी कीबोर्डवर तेच आकडे हाताशी असतात. जावास्क्रिप्ट '१२३'ला संख्या मानत नाही, आणि 'टाइप नंबर'च्या रकान्यात ते सगळीकडे स्वीकारले जातील याचा भरवसा नाही. रकाना 'टेक्स्ट' ठेवा, 'इनपुटमोड न्यूमरिक' द्या, आणि आलेल्या आकड्याचं रूपांतर सर्व्हरवर करा. देवनागरी शून्याचा सांकेतांक ०९६६ आणि नवाचा ०९६एफ, म्हणजे साध्या वजाबाकीने काम होतं. पायथनमध्ये तेवढंही लागत नाही, तिथे 'इंट' देवनागरी आकडे थेट वाचतो.

दाखवताना इंटल नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' द्या. १२,३४,५६७ असा लाख-कोटींचा स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे दोन्ही मिळतात. रोमन आकडेच हवे असतील तर भाषेच्या पुढे त्या अंकपद्धतीची सूचना जोडता येते. कुठलेही ठेवा, एका पानावर एकच पद्धत ठेवा.

तारखेत महिना अक्षरी लिहा. '०५/०४' हे पुण्यात ५ एप्रिल आणि न्यू जर्सीत ४ मे आहे. शिवाय जावास्क्रिप्ट नुसत्या तारखेला जागतिक वेळेतली मध्यरात्र समजतं, त्यामुळे अमेरिकेतल्या मंडळाच्या पानावर कार्यक्रम एक दिवस आधीचा दिसू शकतो. टाइमझोन स्पष्ट द्या.

जुने अंक श्रीलिपीत किंवा तशाच फॉन्टमध्ये आहेत. ते वेबवर कसे आणायचे?

त्या फॉन्टमध्ये रोमन सांकेतांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की उरतो अर्थहीन रोमन मजकूर. ना शोध लागत, ना स्क्रीन रीडर वाचत. युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय गत्यंतर नाही. रूपांतरक मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, म्हणून त्याच फॉन्टचा रूपांतरक निवडा.

रूपांतरानंतर डोळ्यांनी वाचणारा माणूस हवाच. चुका ठरलेल्या जागी होतात: ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार एक घर मागे-पुढे जातो, 'ऱ्य' बिघडतो. त्या तीन गोष्टी आधी शोधा. वेळ नसेल तर निवडक वीस लेखांपासून सुरुवात करा, पण पानांचे फोटो चढवून 'अंक वेबवर आणला' असं समजू नका. मराठीतलं किती तरी उत्तम लेखन अशा चित्रांत आणि स्कॅन केलेल्या पीडीएफांत अडकून पडलं आहे आणि शोधणाऱ्याला ते कधीच सापडत नाही. याची मला खरोखर खंत वाटते.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का?

ठेवता येतो. ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, पण कॉपी करून पाठवला की प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. 'पुणे' छत्तीस चिन्हांचा होतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पानांसाठी मी छोटा रोमन पत्ता निवडेन. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. घ्यायचं तर जरूर घ्या, सोबत रोमन डोमेनही ठेवा.

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही पानं आहेत. वाचकाला कुठे पाठवायचं?

त्याला विचारा. ठिकाण पाहून आपोआप दुसरीकडे ढकलू नका. बर्लिनमधल्या माणसाला मराठी हवी असू शकते. प्रत्येक पानावर त्याच पानाच्या दुसऱ्या आवृत्तीचा दुवा द्या, मुखपृष्ठाचा नको. दुव्यावर झेंडा लावू नका, 'मराठी' असं मराठीतच लिहा. शोधयंत्रांसाठी हेडमध्ये एचआरईएफलँगच्या (दुसऱ्या भाषेतली आवृत्ती कुठे आहे ते सांगणाऱ्या) ओळी दोन्हीकडे लिहा.

बटणांवर काय लिहावं?

घरात बोलतो ते. 'प्रस्तुत करा'पेक्षा 'पाठवा', 'प्रवेश करा' किंवा 'लॉग-इन करा', 'अधिक वाचा'च्या जागी 'पूर्ण लेख वाचा'. रूढ झालेल्या शब्दांना ओढूनताणून पर्याय शोधू नका: पासवर्ड, ओटीपी, डाउनलोड सगळ्यांना समजतात. संपूर्ण साइटवर वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण', ते एकदाच ठरवा.

मोबाइलवर पान वेगात उघडावं यासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती?

चित्रं. कार्यक्रमाचे फोटो कॅमेऱ्यातून आले तसे चढवले जातात, आणि पान तिथेच बसतं. लागेल तेवढ्याच रुंदीचे करा, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या स्वरूपांत साठवा, प्रत्येकाला रुंदी-उंची लिहा म्हणजे मजकूर उड्या मारत नाही. खालच्या चित्रांना 'लोडिंग लेझी', सगळ्यात वरच्याला कधीच नाही. गुगलच्या निकषांप्रमाणे पानातला सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मांडणीची हालचाल ०.१ च्या आत राहावी. तुमच्या नव्या फोनवर तपासू नका, घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर मोबाइल डेटा लावून तपासा.

अर्जाच्या रकान्यांतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन पान आपोआप मोठं करतो आणि सगळं हलतं. १६ ठेवा.

दृष्टिहीन वाचकांसाठी वेगळं काही करावं लागतं का?

वेगळं पान करायचं नाही, हेच पान नीट करायचं. लँग 'एमआर' असेल तर एनव्हीडीए आणि अँड्रॉइडचा टॉकबॅक हे स्क्रीन रीडर मराठी आवाजात वाचू शकतात. नसेल तर इंग्रजी आवाज मराठी वाचायचा प्रयत्न करतो आणि काहीही कळत नाही. चित्राचं वर्णन मराठीत लिहा. निमंत्रणपत्रिकेचं चित्र लावलं तर त्यातली तारीख, वेळ, स्थळ खाली मजकुरातही हवं. शीर्षकांसाठी एच-१, एच-२ हे टॅग वापरा, नुसती ठळक अक्षरं नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ पट तफावत ठेवा; देवनागरीच्या बारीक रेषा फिकट करड्या रंगात हरवतात. बटण किमान २४ पिक्सेल लांब-रुंद हवं, आणि माझ्या मते ४४ ठेवावं.

सगळं झालं. तपासायचं कसं?

'लोरेम इप्सम' हा लॅटिनसारखा नमुना मजकूर कधीच वापरू नका, त्यात वेलांटी नाही. हे शब्द शीर्षकात, बटणात, मेनूत आणि परिच्छेदात टाकून पाहा: मूर्तींमध्ये, सुऱ्या, वाङ्मय, उद्घाटन, षट्कोन, राष्ट्रीय, हृदय, कृतज्ञ, ॲप, ऑक्टोबर, क्षीरसागर. काही कापलं जात नाही ना, कुठे ठिपक्यांचं वर्तुळ येत नाही ना, ते बघा. मग अक्षर दुप्पट मोठं करा. मग यातलाच एक शब्द शोधात टाका, एक अर्जात नाव म्हणून भरा, आणि साठवलेलं नाव यादीत, ईमेलमध्ये आणि पीडीएफ पावतीवर कसं येतं ते पाहा. पावतीवर विशेष लक्ष द्या. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररींना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत आणि वेलांटी चुकीच्या बाजूला छापली जाते. तसं झालं तर ब्राउझरकडूनच पान पीडीएफ करून घ्या.